देवाचा माणूस निवडताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला चार-पाच जण जमले की क्लेरिक कोण होणार, या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघत राहतात. कुणाला तलवार हवी असते, कुणाला चोरवाटा, कुणाला आगीचे गोळे. शेवटी जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात क्लेरिक पडतो. मग तो कॅरेक्टर शीट पुढे ओढून विचारतो, "यातलं सगळ्यात भारी डोमेन कुठलं?" इंग्रजीत या प्रश्नावर ढिगाने लिहिलेलं आहे. कुठलं डोमेन पहिलं, कुठलं टाकाऊ, याच्या क्रमवाऱ्या तयार आहेत आणि मराठी खेळाडूंनी त्या जशाच्या तशा उचलल्या आहेत. माझ्या मते क्लेरिकपुरता हा प्रश्न उलट्या टोकाने धरलेला आहे. खेळ महाड-पोलादपुरात मांडून बघा. सावित्रीचं खोरं, वर रायगड, एकीकडे वरंध घाट, दुसरीकडे आंबेनळी. या मुलखात देवाचा माणूस कोण, हे ठरवायला बसलं की क्रमवारीचा उपयोग किती थोडा आहे ते लगेच कळतं.

न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. एक जण डीएम होऊन जग मांडतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि अडलं तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. क्लेरिक हे देवाकडून शक्ती मिळणारं पात्र. तो जखमा भरतो, भुतं पळवतो आणि चिलखत घालून पुढेही उभा राहतो. डोमेन म्हणजे त्याच्या देवाचं खास क्षेत्र, हिट पॉइंट म्हणजे अंगात उरलेला जीव, आणि लेव्हल म्हणजे पात्राची पायरी. मंत्रांची लेव्हल वेगळी मोजतात.

हा क्लेरिक जन्माला आला तो भक्तीपोटी नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ १९७४ मध्ये छापला गेला. त्याच्या आधीपासून आर्नसनच्या घरच्या खेळात सर फँग नावाचं एक रक्तपिपासू पिशाच्चाचं पात्र सगळ्यांना भारी पडत होतं. त्याला आवरायला भूतपिशाच्चांच्या सिनेमातल्या शिकाऱ्यासारखं एक पात्र आणलं गेलं, तोच पहिला क्लेरिक. त्याला धारदार शस्त्र चालत नसे, आणि पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे एकही मंत्र नव्हता. देव कुठला, हे कुणी फारसं विचारत नव्हतं. पुढे १९८० मध्ये 'डीटीज अँड डेमिगॉड्स' हे पुस्तक आलं. त्यात इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू ही आपली मंडळीही होती आणि सगळ्या देवांना हिट पॉइंट दिलेले होते. ओडिन आणि झ्यूस यांना ४००-४००. देवाला हिट पॉइंट दिले की कुणीतरी त्याला मारायला निघणारच, आणि तसं झालंही. डोमेन ही कल्पना रुळली २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. क्लेरिकने आपल्या देवाची दोन डोमेन निवडायची आणि डोमेनचे सोडून हातातला कुठलाही मंत्र ऐन वेळी मोडून त्याचा उपचार करायचा. त्या आवृत्तीत क्लेरिक इतका बलवान झाला की लढवय्यांना काम उरलं नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने त्याला मुख्यतः साथीदारांना उभं ठेवणारा नेता केलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मूळ पुस्तकात सात डोमेन होती: जीवन, प्रकाश, वादळ, युद्ध, ज्ञान, निसर्ग आणि कपट. पुढच्या पुस्तकांतून ती तेरा-चौदांवर गेली. २०२४ च्या नव्या पुस्तकात मात्र चारच उरली.

क्रमवारीवाले एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. पाचव्या आवृत्तीतला क्लेरिक रोज सकाळी क्लेरिकच्या पूर्ण यादीतून हवे ते मंत्र निवडून तयार करतो. विझार्डला वहीत उतरवलेले मंत्रच चालतात, सॉर्सररला मोजके पाठ असतात, पण क्लेरिकला अख्खी यादी मोकळी असते. 'ब्लेस' सगळ्यांना मिळतो, 'हीलिंग वर्ड' सगळ्यांना मिळतो आणि पाचव्या लेव्हलला 'स्पिरिट गार्डियन्स'ही सगळ्यांनाच मिळतो. लढाईच्या बहुतेक फेऱ्यांत क्लेरिक याच तिघांपैकी काहीतरी करत असतो. डोमेनने वर मिळतात ते थोडे जास्तीचे मंत्र, एखादं चिलखत आणि एक-दोन युक्त्या. म्हणजे डोमेन कुठलंही घ्या, क्लेरिकची अर्ध्याहून जास्त ताकद तीच राहते. मग निवड ताकदीवर कशाला करायची? आपण कुणाचं देणं लागतो, कुणाच्या मानपानात आपली जागा कुठली, यावर करावी. महाड तालुक्यात याचा मोठा दाखला आहे.

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. काशीचे गागाभट्ट मुख्य पुरोहित, विधी वैदिक, आणि त्याआधी महाराजांची मुंज. अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई गेल्या. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीला, त्याच गडावर त्याच राजाचा दुसरा अभिषेक झाला. तो निश्चलपुरी गोसावी यांनी तांत्रिक पद्धतीने केला. निश्चलपुरींच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथात पहिल्या विधीतले अपशकुन एकामागून एक मांडले आहेत. त्यातला तक्रारीचा सूर असा, की मोठे मंत्र म्हटले गेले, पण स्थानिक देवतांचा, गडाच्या शिर्काईसारख्यांचा मान राहून गेला. खेळाच्या भाषेत, दोघेही क्लेरिक आणि दोघांच्याही हातात पूर्ण यादी. फरक होता तो कोणत्या सत्तेची दखल घेतली, याचा. महाराजांनी एकाला खोटं ठरवून दुसऱ्याला खरं मानलं नाही, दोन्ही विधी करून घेतले. यामागचं राजकारण इतिहासकारांनी उलगडावं. डीएमने मात्र यातून एवढं जरूर उचलावं, की एका खेळात दोन क्लेरिक असले तर दोघांना वेगवेगळी डोमेन देऊन भागत नाही. त्यांचे यजमान वेगळे हवेत आणि नाराज होणारेही वेगळे हवेत.

नियमपुस्तकातल्या देवांचं खातेवाटप झालेलं असतं. एकाकडे युद्ध, एकाकडे वादळ, एकाकडे मृत्यू. कोकणातली ग्रामदेवता अशी खाती मानत नाही. पाऊस तिचाच, गुरांची राखणही तिचीच, साथ आली तरी तीच आणि शिवेवरून भांडण झालं तरी तीच. तिची हद्द ठरते ती गावाच्या शिवेने. महाडला विरेश्वराचा छबिना भरतो तेव्हा विन्हेऱ्याची झोलाई येते, गावोगावच्या पालख्या आणि काठ्या येतात. कुणी पालखी उचलतो, कुणी काठी नाचवतो, कुणी खालूबाजा वाजवतो, गुरव आत गाभाऱ्यात असतो. प्रत्येकाचा मान ठरलेला आणि त्यावरून भांडणंही ठरलेली. पात्र घडवताना मी हाच धागा धरतो. आधी मान ठरवा, मग डोमेन बघा. एकाच देवीचे तीन क्लेरिक होऊ शकतात: गाऱ्हाणं घालणारा जीवनाचा किंवा ज्ञानाचा, काठीवाला युद्धाचा, आणि ज्याच्या ढोलावर सगळ्यांची पावलं पडतात तो 'ऑर्डर' डोमेनचा. या शेवटच्या डोमेनची खुबीच अशी आहे की तुम्ही साथीदारावर मंत्र टाकला की त्याला त्याच क्षणी एक वार करता येतो. ढोलकऱ्याला हे डोमेन जितकं शोभतं तितकं दुसऱ्या कुणाला शोभलेलं मी पाहिलेलं नाही. खेळात खरी देवी मात्र आणू नये. नाव बदलावं, गाव बदलावं. हिट पॉइंट तर अजिबात देऊ नयेत.

दुसऱ्या लेव्हलचा 'ऑगरी' नावाचा एक मंत्र आहे. पुढच्या अर्ध्या तासात करायच्या एखाद्या गोष्टीबद्दल देवाला विचारायचं. उत्तर चारच प्रकारचं: चांगलं, वाईट, दोन्ही किंवा काहीच नाही. इंग्रजी क्रमवाऱ्यांत हा मंत्र खालच्या पायरीवर असतो. कोकणातल्या माणसाला तो न शिकवता येतो, कारण हा सरळ सरळ कौल आहे. देवाला फुलं किंवा तांदळाचे दाणे लावायचे, प्रश्न मांडायचा, आणि उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. दोन्ही अडून बसली तर गुरव म्हणतो, देव बोलत नाही. २०१४ च्या नियमात एक कलम आहे. झोप व्हायच्या आत हाच मंत्र पुन्हा टाकला, तर पहिल्यानंतरच्या प्रत्येक खेपेला भलतंच उत्तर मिळण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढत जाते. गावात त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा कौल लावणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते ज्याला माहीत आहे त्याला हे कलम समजावून सांगावं लागत नाही. म्हणून महाड-पोलादपुरातल्या खेळात 'ऑगरी'ची किंमत दुप्पट धरा. फासा डीएमने पडद्याआड टाकू नये. टेबलावर खरोखर दोन पाकळ्या ठेवाव्यात.

दुसरा मंत्र मला महाडात अडकवतो. पहिल्या लेव्हलचा, अगदी निरुपद्रवी: अन्नपाणी शुद्ध करणारा. क्लेरिक हात फिरवतो आणि पाच फुटांच्या त्रिज्येतलं विष आणि रोग नाहीसे होतात. महाडात पाणी शुद्ध करणं ही गोष्ट इतकी साधी राहिलेली नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. हे माहीत असताना आपला क्लेरिक तळ्याकाठी उभा राहून पाणी शुद्ध करतो, तेव्हा टेबलावरच्या कुणालाही विचारता आलं पाहिजे: कशापासून शुद्ध? विष काढतोस की माणसाचा स्पर्श? २०१४ चं नियमपुस्तक फक्त विष आणि रोग म्हणतं, आणि ते तसंच ठेवावं. खेळात असा पुजारी दाखवायचा असेल जो स्पर्शाला विष म्हणतो, तर त्याचा मंत्र लागूच पडू नये. पाण्यात काही नसतंच, तेव्हा फासा टाकायचा कशावर? मला वाटतं, पंधरा वर्षांच्या मुलांनाही हा प्रसंग नियमांच्या आतूनच कळेल, भाषण द्यावं लागणार नाही. देव न मानणारा, एखाद्या तत्त्वावर उभा असलेला क्लेरिकही खेळात चालतो. डीएमची संमती घेऊन असं पात्र महाडात जरूर खेळावं.

आता डोमेनांकडे. सगळी सारख्या लांबीने सांगण्यात अर्थ नाही. जीवन हे नवख्याचं डोमेन मानलं जातं. प्रत्येक उपचाराला मंत्राची लेव्हल अधिक दोन इतके जास्तीचे हिट पॉइंट मिळतात आणि जड चिलखतही मिळतं. गंमत अशी की पाचव्या आवृत्तीत मार नेहमीच उपचाराच्या पुढे धावतो. शहाणा क्लेरिक साथीदार शून्यावर पडेपर्यंत थांबतो आणि मग 'हीलिंग वर्ड'ने त्याला उठवतो. म्हणजे जास्तीच्या पॉइंटांचा उपयोग दिसतो तेवढा नाही. २०२४ मध्ये मात्र 'हीलिंग वर्ड' आणि 'क्युअर वुंड्स' दोन्हींचे फासे एकाचे दोन झाले आणि जीवन डोमेनचं वजन थोडं वाढलं. प्रकाश डोमेनला पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा मिळतो. एवढंच सांगितलं की बरेच जण लगेच सही करतात.

वादळ डोमेन या मुलखात ऐटीत चालतं. त्याचा 'कॉल लायटनिंग' उघड्यावर, खऱ्या वादळात टाकला तर एक जास्तीचा दहा बाजूंचा फासा मिळतो. पोलादपुरात जून ते सप्टेंबर खेळ चालला तर हा फासा जवळजवळ कायमचा आपला. पण गांधारपाल्याच्या लेण्यांत शिरलात की हाच मंत्र फसतो, कारण वर ढग मावेल एवढी मोकळी जागा लागते. याच ठिकाणी एक सांगून टाकतो. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आणि तळीयेवर कोसळलेली दरड खेळात आणू नये. सावित्रीला पूर आणा, दरड आणा, पण त्या गावांची नावं नकोत. ज्यांची माणसं गेली ते अजून तिथेच राहतात.

कपटाचं डोमेन क्रमवाऱ्यांत हेलकावे खातं. मला ते जावळीच्या जंगलासाठी सगळ्यात योग्य वाटतं. 'पास विदाउट ट्रेस' या एका मंत्राने अख्ख्या टोळीच्या लपण्याला दहाची भर पडते. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठपासून अंधारात निघून घाट चढणाऱ्या पाच जणांना याहून मोठं दान कुठलं डोमेन देणार? यालाच जोडून चिलखताचा वाद येतो. जड चिलखत देणारं डोमेन म्हणजे चांगलं, असं लिहिलेलं असतं. हिशेब करून बघा. साखळी चिलखताला १६ मिळतात. छातीपुरतं चिलखत आणि चपळाईचे दोन मिळून तेही १६ होतात, आणि त्याने आवाज होत नाही. पत्र्याचं पूर्ण चिलखत १८ देतं, पण त्याला १,५०० सोन्याची नाणी पडतात आणि अंगात ताकद नसली तर चाल मंदावते. घाटातल्या खेळात जड चिलखत फाजील महाग आहे.

ज्ञानाच्या डोमेनला कुणी हात लावत नाही आणि हे मला पटत नाही. भाषा, जुन्या नोंदी, आणि गरज पडली तर दहा मिनिटांपुरतं कुठलंही कसब. रामदासांची शिवथरघळ महाड तालुक्यात आहे, शिवभारत रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात. वतन कुणाचं, शीव कुठून, कागद खरा की बनावट, असल्या कथानकात हा क्लेरिक युद्धवाल्याला मागे टाकतो. निसर्ग डोमेनबद्दल एवढंच म्हणेन की ते खेळायचं असेल तर सरळ ड्रुइड व्हावं. संधिप्रकाश आणि शांती ही २०२० मधली दोन डोमेन मी टेबलावर येऊच देत नाही. 'अर्ध्याहून जास्त ताकद तीच' हा माझा वरचा हिशेब फक्त ही दोन मोडतात. संधिप्रकाशवाला दर फेरीला सगळ्यांना फुकटचे हिट पॉइंट वाटत बसतो, मग डीएमने राक्षस आणायचे तरी कशाला?

२०२४ च्या पुस्तकाने निवडीचा क्रमच बदलला. डोमेन आता तिसऱ्या लेव्हलला येतं. पहिल्या लेव्हलला फक्त एवढं ठरवायचं: शस्त्रं आणि जड चिलखत घेणारा रक्षक, की एक जास्तीचा छोटा मंत्र आणि धर्मज्ञान घेणारा साधक. याने देवच दुय्यम झाला, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार आहे. मला उलट वाटतं. दोन लेव्हल तुम्ही गावात वावरता, लोक तुम्हाला बघतात, आणि मग मान मिळतो. शिवाय गुणांची वाढ आता वंशावर न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावर ठरते. सगळे डोळे झाकून मंदिरातला सेवेकरी निवडतात. त्याला बुद्धी, शहाणपण आणि छाप मिळते, पण काटकपणा मिळत नाही, आणि क्लेरिकला मार खाऊन मंत्र टिकवायला काटकपणाच लागतो. त्यापेक्षा शेतकरी घ्या: ताकद, काटकपणा, शहाणपण, आणि दर लेव्हलला दोन जास्तीचे हिट पॉइंट. डोंगरउतारावर नाचणी-वरी करणारा आणि देवीच्या वर्षाच्या कामांना हजर असणारा पोलादपूरचा गडी नियमांतही सरस ठरतो.

'पाथफाइंडर' या भावंड-खेळात एक चांगली सोय आहे. तिथे प्रत्येक देवाच्या आज्ञा आणि वर्ज्य गोष्टी लिहिलेल्या असतात, आणि वर्ज्य मोडलं तर शक्ती जाते. देवराईतलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं असलं तरी घरी न्यायचं नाही, हा नियम कोकणाला नवा नाही. कुठलीही आवृत्ती खेळा, पण आपल्या क्लेरिकला निदान एक वर्ज्य जरूर लावा. रात्री थंडीने कुडकुडताना, समोर वाळलेली फांदी असताना त्याचा अर्थ कळतो.

देवाकडून शक्ती घेणारे क्लेरिकशिवायही आहेत. देवळाशी संबंध नसताना अंगात वारं येतं ती बाई नियमाने 'डिव्हाइन सोल' सॉर्सरर, नवस बोलून बसलेला माणूस 'सेलेस्टियल' वॉरलॉक. कीर्तनकाराला बार्ड करायचा मोह सगळ्यांना होतो. बार्डची शक्ती त्याच्या स्वतःच्या कलेतून येते, आणि हे कुठल्याही वारकऱ्याला सांगून बघा, तो काय म्हणेल ते. कीर्तनकार क्लेरिकच राहू द्यावा. खेळाबाहेर मात्र भगताच्या नावाने उपचार कुणी सुचवू नये. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने महाड-पोलादपुरात शेतकरी रक्षक घ्यावा, चिलखत मात्र छातीपुरतंच, तिसऱ्या लेव्हलला कपट डोमेन, आणि रोज 'ब्लेस' आणि 'हीलिंग वर्ड' तयार ठेवावेत. तिसऱ्या लेव्हलपासून त्यात 'ऑगरी' घालावा. पाचव्या लेव्हलला मेलेल्या साथीदाराला मिनिटाच्या आत उठवणारा 'रिव्हिव्हिफाय' मिळतो. त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो खर्ची पडतो. पोलादपुरात तो मिळायचा नाही. महाडच्या पेठेत कुणाकडे मिळेल, कोण उधारीवर देईल आणि बदल्यात काय मागेल, हे डीएमने पहिल्याच बैठकीत ठरवून ठेवावं.